कोरा रकाना मी सोडला होता, विमलताई

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावच्या बौद्धवस्तीवर अन्याय झाला. तिथल्या एकोणीस घरांवर झाला. गेल्या फाल्गुनातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता झाला. एका सरकारी कचेरीत साहेबांनी टेबलावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि ते म्हणाले, "ह्या वस्तीला टँकरची गरज दिसत नाही." तो तक्ता कुणा विरोधकानं आणलेला नव्हता. आम्हीच नेला होता. पिशवीतून मीच काढून टेबलावर ठेवला होता.

विमलताई, तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठं, हे लिहिणारे लिहितील. त्या फाल्गुनातल्या मंगळवाराबद्दल मात्र माझ्याशिवाय कुणी लिहिणार नाही. कारण तो घोटाळा काय होता, हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. आणि मी सहीनिशी खोटं छापलं होतं.

आपली पहिली गाठ आठवतेय का तुला? सांगलीतलं शिबीर. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीला लावलेली. मी भाषण ठोकत होतो. दुष्काळ संपला म्हणून सरकारनं जाहीर केलं, पण माणसं सगळीकडे तहानलेली आहेत, सगळीकडे हाल आहेत, वगैरे. मागून तुझा आवाज आला.

"सगळीकडे म्हणजे कुठं?"

"सगळीकडे म्हणजे सगळीकडे!"

"कुठल्या गावात गेला होता तुम्ही? किती घरांत?"

मी चिडलो. "ताई, तहान मोजून कळत नसते!"

"मग टँकर कसा मागणार? अंदाजपंचे?"

वर्ग हसला. मी मेढ्याचा, डोंगरातला माणूस. माझ्या घरी बारा महिने झऱ्याचं पाणी. पाण्यासाठी मी आयुष्यात कधी ताटकळलो नाही, आणि पाण्यावरच गळा काढून भाषणं करायचो. तुला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तुझ्या प्रश्नानं माझी दुखरी जागा बरोबर गाठली.

दुपारी जेवणं झाल्यावर तू कापडी पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढलास. चारी कडांना भोकं पाडलेली. एक पत्रिका म्हणजे एक घर. एक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर "होय" असलं की भोकापासून कडेपर्यंत कात्रीनं फाक करायची. मग गठ्ठा सारखा करून त्या भोकातून विणायची सुई आरपार घालायची, उचलायचं आणि झटकायचं. फाक केलेल्या पत्रिका खाली पडतात, बाकीच्या सुईला लटकून राहतात. पहिल्या झटक्याला जमीन असलेली घरं पडली. त्यांच्यातूनच दुसऱ्यांदा सुई घातलीस, तर पाणी लांब असलेली पडली. जमीन आहे पण प्यायला पाणी नाही, अशी घरं दोन झटक्यांत जमिनीवर.

"स्वेटर विणतेस का खानेसुमारी?" मी म्हणालो.

"तुमी भाषण विनताय, त्यापेक्षा ऊब हाय ह्याला," तू मुद्दाम पलूसच्या बोलीत म्हणालीस. मग एक पत्रिका उचलून नीट निरखलीस. "हे लग्न मोडलं. पण पुठ्ठा बघा किती चांगलाय."

त्या दिवसापासून तू माझी ताई झालीस आणि मी तुझा "काय पुढारी?"

पुण्यात कॉम्प्युटर असलेल्या एका संस्थेत तू नोकरीला होतीस. काम काय, तर साहेबांनी दिलेले आकडे कार्डांवर भोकं पाडून पंच करायचे. दिवसभर खटखट. तुला प्रोग्रॅम लिहायला कुणी शिकवलं नाही. साहेबलोकांनी टाकून दिलेले कागद तू जेवणाच्या सुट्टीत वाचायचीस. कुठल्या हुकमाला मशीननं काय उत्तर दिलं, हे त्या कागदांवरून ताडत ताडत तू शिकलीस. सरासरी काढणारे, दोन गटांची तुलना करणारे, कशाचा कशाशी संबंध आहे ते हुडकणारे तयार प्रोग्रॅम तिथं होते. ते चालवायला तुला वर्षभरात यायला लागलं. मशीन मोकळं असेल तेव्हा आमच्या पाहणीचं काम करायची परवानगीही तू मिळवलीस. कशी, ते कधी सांगितलं नाहीस. "चांगलं वागून," एवढंच म्हणालीस. मला तो टोमणा होता.

आणि एक प्रोग्रॅम तू स्वतः लिहिलास. त्याला नाव दिलंस चाळणी. "तयार प्रोग्रॅम विचारलं तेवढंच सांगतात," तू म्हणायचीस. "ढिगाऱ्यात काय दडलंय ते आधी बघायला नको का?" कुणाचं वय एकशेचाळीस लिहिलंय, चार वर्षांच्या पोराचं लग्न झालंय, तिघांच्या घरात पाच जण शिकलेले आहेत, कुठला रकाना किती अर्जांत मोकळा आहे, हे सगळं तुझी चाळणी वर काढायची. त्यानंतरच सरासरी. हा तुझा नेम होता. तो एकदाच मोडला, आणि तो माझ्यामुळं मोडला.

त्याआधी एक आठवण लिहितो, नाहीतर नंतर हात वळणार नाही. साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत चढताना तुझ्या हातातला कार्डांचा खोका उलटला. सगळी कार्डं फरशीवर. एक जरी मागंपुढं झालं तरी प्रोग्रॅम बिघडणार, हे एव्हाना मलाही कळत होतं. मी डोक्याला हात लावला. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ बाई, पत्तं कुटायला आलाय का? गाडी सुटायची हाय!" तू शांतपणे खाली बसलीस. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तू आधीच पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारून ठेवली होतीस. रेघ जुळली की क्रम जुळला. चारपाच उतारू तुझ्याभोवती बसून कार्डं गोळा करायला लागले, कंडक्टरही खाली उतरला. "आवं, ह्ये हितं बसतंय बगा," म्हणून त्यानं दोन कार्डं स्वतः लावली. गाडी उशिरा सुटली आणि कुणीही कुरकुर केली नाही. मी आयुष्यात इतकी सभ्य सभा कधी घेतली नाही, ताई.

आता तो अर्ज.

पाण्याच्या पाहणीचा अर्ज तू तयार केलास आणि आम्ही पोरं गावोगाव फिरून तो भरून आणायचो. जतची गावं माझ्याकडं होती. सातवा प्रश्न असा: "पाणी भरताना विहिरीवर रोज किती मिनिटं थांबावं लागतं?" तू बजावून सांगितलं होतंस. थांबावं लागत नसेल तर शून्य लिहा. उत्तर मिळालं नाही तर ९९९. प्रश्न लागूच होत नसेल तर ८८८. "काही झालं तरी रकाना कोरा सोडायचा नाही," असं तू प्रत्येकाच्या वहीत लिहून घेतलं होतंस. माझ्याही वहीत आहे. माझ्याच अक्षरात आहे.

वस्तीत पहिलं घर अनुसयाबाईंचं. मी विचारलं, "विहिरीवर किती वेळ थांबता?"

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "थांबायला रांगत तर घ्याला पायजे का नको? गावातल्या बाया आमास्नी काठाला येऊ देत न्हाईत. आन् तू इचारतोस, किती येळ थांबता!"

"मग पाणी कुठून आणता?"

"वड्याच्या वाळूत खड्डा काढायचा. वाटी वाटीनं भरायचं. आदी गढूळ येतंय, मग निवळ. वाट बघायची." थांबून म्हणाल्या, "तुज्या कागदात वाटीचा सवाल हाय का?"

नव्हता. माझं डोकं फिरलं. अशा वेळी ८८८ लिहायचं? माणसाच्या अपमानाला आकडा द्यायचा? मी सातवा रकाना कोरा सोडला आणि समासात तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं: "विहिरीवर येऊच देत नाहीत! हा माणुसकीचा खून आहे!" एकोणीसच्या एकोणीस अर्जांवर तेच लिहिलं. उद्गारचिन्हांसकट. मला वाटलं, मी काहीतरी केलं.

पुढं कचेरीत मंगळवारची बैठक ठरली. मी तुला पुण्याला तार केली, तक्ता सोमवारी हातात हवा. तू उलट निरोप पाठवलास, चाळणी लावायची राहिलीय, बैठक पुढच्या आठवड्यात घ्या. मी पोस्टातून ट्रंककॉल लावला आणि तुझ्यावर ओरडलो. शेजारच्या बाकावर बसलेल्या लोकांनी वळून पाहिलं, एवढ्यानं ओरडलो. "तुझी चाळणी होईपर्यंत माणसं मरतील!" तू म्हणालीस, "बरं. पाठवते."

तक्ता आला. रुंद कागद, बाजूंना भोकं, काळीभोर अक्षरं. त्याचा रुबाबच असा की मी वाचलाच नाही. सरळ साहेबांपुढं ठेवला.

साहेब वाचत गेले. एका ओळीवर थांबले. "ह्या वस्तीत विहिरीवर थांबायची सरासरी वेळ शून्य मिनिटं. वा! अहो, माझ्या घरी नळ आहे, तरी मला थांबावं लागतं!" कचेरी हसली. "तुमचाच तक्ता ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग ह्या वस्तीला टँकरची गरज दिसत नाही." आणि त्यांनी ती ओळ यादीतून खोडली.

रविवारी तू साताऱ्याला आलीस. सायकलच्या दुकानावरच्या आपल्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून तू ते एकोणीस अर्ज पसरलेस. दोन मिनिटं लागली नाहीत तुला.

"कोरा," तू म्हणालीस. मग दुसरा उचललास. "हा पण कोरा." मग माझ्याकडं न बघता समजावून सांगितलंस. आकड्याच्या रकान्यात काही नसलं तर मशीन त्याला शून्य धरतं. तुझ्याबरोबरच्या पंच करणाऱ्या मुलीपुढं रकाना मोकळा आला, तिनं जागा मोकळी सोडली. समास कुणी पंच करत नाही. म्हणजे ज्याला थांबावं लागत नाही तोही शून्य, आणि ज्याला थांबूच देत नाहीत तोही शून्य.

"पण मी लिहिलं होतं ना बाजूला!"

"तुझा माणुसकीचा खून कुठल्या रकान्यात पंच करायचा, पुढारी?"

मला तेव्हा हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मी उसळलो. म्हणालो, असलं यंत्रच नको, ह्याला माणूस दिसत नाही. मी पत्रक काढतो. तू म्हणालीस, "काढ. पण खरं लिही. रकाना तू कोरा सोडलास, चाळणी मी लावली नाही. दोघांची चूक, दोन ओळी होतील."

"अशानं चळवळीचं हसं होईल."

"वस्तीचं झालंय ते?"

मी आणखी एक हत्यार काढलं. म्हणालो, तू स्वतः बौद्ध घरातली, पलूसला तुझ्या आईनं हेच सोसलं असेल, हे पत्रकात घालूया, लोक पेटतील. तू अर्ज गोळा करत होतीस, ते तसेच हातात धरून उभी राहिलीस. "माझ्या आईचं नाव घालायचं नाही. तक्ता बरोबर आहे म्हणून त्यांनी तो मानला पाहिजे. माझी जात बघून त्यांना दया आली म्हणून नको." ह्यावर आपण संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडलो. मी अजूनही म्हणतो, ताई, राग आल्याशिवाय कुणी तक्ता उघडून बघत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, रागावलेला माणूस तो उघडतो आणि वाचत नाही. तेवढं भांडण अर्धंच राहिलं.

पत्रक मी छापलं. मथळा: "गणकयंत्राचा विश्वासघात!" आत लिहिलं की असल्या यंत्रांच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. कोऱ्या रकान्याचं एक अक्षर नाही. तुझ्या आईचं नाव घातलं नाही, तेवढंच तुझं ऐकलं. पुढच्या वेळी स्टँडवर मी ते तुझ्या हातात दिलं. तू पूर्ण वाचलंस. घडी घातलीस. "छपाई सुबक झालीय," म्हणालीस आणि गाडीत जाऊन बसलीस. खिडकीतून बघितलं नाहीस.

मला वाटलं, आता तू यायची नाहीस. तू येत राहिलीस, पण साताऱ्याला नव्हे. चैत्रातल्या दोन रविवारी तू एकटी जतला जाऊन आलीस, हे मला अनुसयाबाईंनी नंतर सांगितलं. "तुजी ती बाई आली व्हती," त्या म्हणाल्या. "आदी वड्यात आली माज्यासंगं. वाळूत बसली, घड्याळ काढलं. एक घागर भरस्तवर बसून ऱ्हायली. मग म्हनली, आता अर्ज भरू. लय कडक बाई. पन पानी पिऊन गेली आमच्यातलं." नवीन अर्जात तू वाटीचा प्रश्न घातला होतास. घागर भरायला लागणारा वेळ. विहिरीवर जाता येतं का, होय किंवा नाही. एकही रकाना कोरा नाही. मग पुण्यात कार्डं पुन्हा पंच केलीस, त्यात चूक एकही नाही, चाळणी लावलीस आणि नवा तक्ता काढलास. आणि अंथरूण धरलंस. ऊन लागलं होतं का, पाणी बाधलं का, डॉक्टर नुसतं कावीळ म्हणाले.

सांगलीच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो, ताई. तुझे डोळे पिवळेजर्द होते. मी तासभर बसलो आणि तासभर राजकारण बोललो. मोर्चा कुठं निघाला, कोण फुटला, कोण विकला गेला. "माझं चुकलं" हे दोन शब्द म्हणायला आलो होतो, आणि प्रत्येक वेळी मी दुसरी बातमी सांगितली. तू डोळे मिटून ऐकत होतीस. निघताना म्हणालीस, "बोलून झालं का सगळं?"

मी म्हणालो, "झालं."

झालं नव्हतं. ते आज इथं लिहितो. माझं चुकलं. रकाना मी कोरा सोडला. घाई मी केली. त्या चुकीत तू जो अर्धा वाटा मागत होतीस, तोही माझाच आहे. तू मला आकडे शिकवलेस हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे समोरच्या माणसाचं उत्तर संपेपर्यंत गप्प बसायला शिकवलंस. पत्रकं काढताना ते कधी शिकलो नव्हतो. तुझ्या हाताखाली काढलेले ते सगळे रविवार, ती कार्डं, ते टोमणे, त्यांच्याइतकं चांगलं माझ्या वाट्याला दुसरं काही आलेलं नाही.

पलूसला तुझ्या जलदानविधीच्या दिवशी तुझ्या भावानं तो नवा तक्ता माझ्या हातात दिला. "आक्कानं सांगितलंय, पुढाऱ्याला द्या," म्हणाला. दुसऱ्याच दिवशी मी तो घेऊन कचेरीत गेलो. ह्या खेपेला तीनदा वाचून गेलो. वस्तीची ओळ यादीत सगळ्यांत वर आहे. सगळ्यांत जास्त वेळ तिथं लागतो.

कारकुनानं तक्ता हातातसुद्धा घेतला नाही. "ह्या पाहणीचा तक्ता एकदा आलेला आहे."

"तो चुकीचा होता. हा दुरुस्त केलेला आहे."

त्यानं खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यापुढं धरला. माझंच पत्रक. "हे तुम्हीच छापलंय ना? गणकयंत्राच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून? मग हा तक्ता तरी कशावर काढलाय?"

तक्ता पिशवीत घालून मी बाहेर आलो, ताई. तुझ्या चैत्रातल्या दोन रविवारांवर माझ्या मथळ्याची काट पडली. वस्तीतल्या बाया आजही ओढ्यात बसलेल्या आहेत. खड्डा आता हातभर खोल गेलाय आणि वळीव अजून पडलेला नाही.

आता तुझ्याशी बोलणं थांबवतो. पुढचं वाचणाऱ्यांसाठी आहे.

तुमच्यापैकी कितीकांनी माझं ते पत्रक वाटलं, भिंतीला चिकटवलं, घरात ठेवलं. त्यात लिहिलेलं खोटं आहे. यंत्रानं दिलेलं काम केलं, विमलताईंनी झालेली चूक शोधली आणि दुरुस्त केली. चूक माझी होती. हा लेख माझी जबानी म्हणून कापून घ्या. हा अंक हातात पडल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, तो घेऊन त्याच कचेरीच्या दारात या. अनुसयाबाई आणि वस्तीतल्या बाया पुढं बसतील, तक्ता त्या देतील. आपण मागं बसायचं. घोषणा द्यायच्या नाहीत, भाषण करायचं नाही, माझं तर मुळीच ऐकायचं नाही. तक्ता ठेवून घ्या, उद्या वस्तीवर माणूस पाठवा, परवा टँकर पाठवा, एवढंच म्हणायचं. तक्ता मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच अनुसयाबाईंच्या हातात पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. या.